पाचवी बरणी

पाचव्या बरणीलाही फेस आला नाही.

पार्वतीबाईंनी बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडून आत डोकावून पाहिलं. ज्वारीचं तांबूस पाणी आठ दिवसांपूर्वी ओतलं तसंच निपचित पडलं होतं. त्यांनी बरणीला कान लावला. बीअर जिवंत असली की आतून बारीक चुरचुर ऐकू येते, असं हरीशनं सांगितलं होतं. काहीच ऐकू आलं नाही.

"ऱ्हाऊ दे आई," हरीश दारातून म्हणाला. "न्हाई जमत मला. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो."

पार्वतीबाईंनी दादरा पुन्हा बांधला. बोली ठरलेलीच होती.

होळी झाली आणि हरीश पुण्याहून एकटाच आला. ज्या हॉटेलात तो टेबलावर बीअरचे ग्लास नेऊन देत असे, तिथे ती बीअर मागच्या खोलीतच बनत असे. ते हॉटेल बंद पडलं. सून मंजुषा दवाखान्यात कामाला, नातू रुद्र शाळेत. मायलेक तिथेच राहिले. "आता हितंच ऱ्हाय बाबा," पार्वतीबाई म्हणाल्या. एकदा नाही, रोज ताट वाढताना म्हणाल्या. नवरा सोनाजी गेल्याला आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं त्या घरात दुसऱ्या माणसाचा खोकलाही ऐकू आला नव्हता.

शेवटी एक दिवस हरीश जेवता जेवता म्हणाला, "घरच्या जवारीची बीअर करून पाहतो. पाच बरण्या. येक जरी जमली तर वारंगा फाट्यावर गाळा घेतो, लायसन काढतो, पोराला अन् मंजुषाला हिकडं आणतो. न्हाई जमली तर माघारी जातो. मग तू अडवायचं न्हाई."

दारूचा वास आला की नाकाला पदर लावणारी बाई त्या दिवसापासून दारूच्या मागे लागली. ओल्या पोत्यात ज्वारीला मोड आणले, माळवदावर वाळवले, जात्यावर भरडले. शेजारणींनी विचारलं तर सांगितलं, पोराच्या पोटाचं औषध आहे. हरीश मोबाइलमध्ये बघून ते भरड गरम पाण्यात मुरवायचा, गाळून उकळायचा, बीअरला लागणाऱ्या कडू पाल्याच्या गोळ्या टाकायचा आणि निवल्यावर पुडीतलं यीस्ट घालायचा.

बरण्या मात्र पार्वतीबाईंच्या होत्या, सासूच्या वेळच्या, चिनी मातीच्या. सासूच्या राज्यात वर्षाला बारा बरण्या लोणचं पडायचं. नवी नवरी असताना पार्वतीबाईंनी भरलेली एक बरणी आंबली, तर सासू दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलली नव्हती. तेव्हापासून हिंगाची धुरी दिल्याशिवाय त्यांनी कधी बरणी भरू दिली नाही. निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकायचा आणि वर बरणी पालथी धरायची. पहिल्या बरणीला त्यांनी हरीशला विचारलं होतं. "दे की," तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "बरणीत येक जंतू ऱ्हायला न्हाई पाहिजे, असंच सांगून राहिलेत ह्याच्यात."

मग काय! वसमतहून आणलेला अस्सल हिंग. पाचही बरण्यांना त्यांनी जीव लावून धुरी दिली.

पहिली बरणी फसली तेव्हा हरीशनं बोअरच्या पाण्याला दोष दिला. दुसरी फसली तेव्हा ज्वारीला. तिसरीनंतर त्यानं कुणालाच दोष दिला नाही. खाली मान घालून पुढची भरायचा.

दुपारी शेजारची नानीबाई लोणच्याला बरणी मागायला आली. कैऱ्या फोडून ठेवल्या होत्या आणि तिची बरणी नातवानं फोडली होती. पार्वतीबाईंनी पाचवी बरणी न्हाणीत ओतून दिली, घासली, पुसली आणि सवयीनं निखाऱ्यावर धरली.

"लेकाच्या औषधालाबी अशीच धुरी देत होतीस का काय?" नानीबाईनं डोळे मिचकावले. गावात कुणापासून काही लपत नाही.

"देत होते की. पाचीला दिली."

नानीबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "काय बाई येडी हायस गं! लोणचं आंबू न्हाई म्हणून धुरी देतेत. तुझ्या पोराला तर आंबवायचंच होतं न्हवं?"

पार्वतीबाईंना हसू आलं नाही. बरणी तापून हाताला चटका बसला तरी त्यांना ती खाली ठेवायचं सुचलं नाही. नानीबाईनंच ती काढून घेतली आणि हसत हसत घरी नेली.

हरीश आतल्या खोलीत बॅग भरत होता. पार्वतीबाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"बाबा, मीच मारली रे तुझी बीअर. माझ्या धुरीनं मेली. पाचीच्या पाची." त्यांच्या डोळ्यांत भलतीच आशा होती. "अर्धं पोतं जवारी हाय अजून. आणखी येक बरणी भर. म्या हातसुदिक न्हाई लावत. आठच दिवस थांब."

हरीश बाजेवर बसला.

"मला ठाव होतं, आई."

"काय ठाव होतं?"

"तिसरी बरणी भरली तवा थोडं पाणी उरलं होतं. ते धुरीबिगर बाटलीत भरलं अन् गोठ्यात ठेवलं. चवथ्या दिवशी बूच उडून आढ्याला लागलं. फेस तर विचारू नको."

पार्वतीबाईंचा चेहरा उजळला. "मंग जमली की रे! काहून बोलला न्हाईस? चव बिघडली होती का?"

हरीशनं बॅगेची चेन शेवटपर्यंत ओढली.

"लई चांगली झाली होती, आई," तो खाली बघत म्हणाला. "म्हणूनच न्हाई सांगितलं."