कोरडा कागद

"एक ते सहा मोजता येत नाहीत तुला?" मास्तर धक्क्यावरच्या ऑफिसात ओरडले.

समोर त्यांचा मेहुणा मान खाली घालून उभा होता. मास्तर डायव्हिंग शिकणाऱ्या पोरांना घेऊन पाण्याखाली जायचे आणि हा वर बोट सांभाळायचा, बारा वर्षं हेच चाललं होतं. आज त्यानं सहातली पाच पोरं बोटीत असताना बोटीचा दोर सोडला. सहावी मुलगी समुद्रातच राहिली. मास्तरही होते म्हणा बोटीत, पण खाली एका पोराच्या नाकातून रक्त यायला लागलं, त्याला धरून ते घाईनं वर आले होते. बाकीची पाठोपाठ आलीच असतील असं त्यांनी गृहीत धरलं. मग अर्ध्या वाटेत कुणीतरी विचारलं, या लाल चपला कुणाच्या? त्या सहाव्या मुलीच्या होत्या.

मागे फिरून शोधेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. मुलगी जिवंत सापडली, हे नशीब. जाकिटात हवा भरून तरंगत होती. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता, कारण बोट निघून जाताना तिनं पाहिली होती. डॉक्टर आत्ताच तपासून गेले. दोन ब्लँकेटं गुंडाळूनही बाकावर तिचे दात वाजत होते, आणि शेजारी तिची आई बसली होती.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. लोक पोटची पोरं आपल्या हवाली करतात आणि हा शहाणा त्यांना पाण्यात टाकून येतो! त्यांनी मेहुण्याची पार सालटी काढली. डोळे गहाण टाकले होते का, विचारलं. बायकोचा भाऊ म्हणून ठेवून घेतला तिथेच माझं चुकलं, म्हणाले. उद्यापासून धक्क्यावर पाऊल ठेवायचं नाही, असंही सुनावलं. हे सगळं मुद्दाम आईच्या देखत. इथे कुणाची गय केली जात नाही हे तिला कळायला हवं होतं.

मेहुणा एकदाच बोलला. "भाऊजी, मी कागद बघूनच दोर सोडला."

"कागद गेला खड्ड्यात. डोकी मोजायची होतीस."

खरं तर कागद बघायला त्यांनीच शिकवलं होतं. बोटीत पोरं जागा बदलतात, एकच डोकं दोनदा मोजलं जातं. म्हणून कागदावर नावं, आणि वर येईल त्याच्या नावापुढे 'परत' म्हणून सही. सहा सह्या झाल्या की दोर सोडायचा, त्याआधी नाही. या नियमाचं मास्तरांना कोण कौतुक! नव्या पोरांना पहिल्या दिवशी तो पाठ करायला लावत.

आई उठली आणि तो कागद मला बघायचाय म्हणाली. मास्तरांनी लगेच काढून दिला. बरंच झालं, त्यांना वाटलं, एकदाची हिची खात्री पटू दे.

आई छापखान्यात कामाला होती. तिनं कागद खिडकीशी नेला, बोटांत धरून चाचपला, उलटून पाहिला. सहा नावं होती, सहा सह्या होत्या. तिच्या मुलीच्या नावापुढेही होती.

"ही सही कुणाची?"

"माझी," मेहुणा पटकन म्हणाला.

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. तो मात्र त्यांच्याकडे बघत नव्हता. इतकं ऐकून घेतलं, नोकरी गेली, तरी हा बाबा स्वतःचीच मान पुढे करत होता.

आईचं लक्ष कागदावरून हललं नाही. "सगळे निथळत बोटीत चढले म्हणता. मग याला एक थेंब कसा लागला नाही? शाई कुठे फुटलेली नाही, कागद कुठे फुगलेला नाही. हे पाण्यातून आल्यावर लिहिलेलं नाही. कधी लिहिलंत?"

मेहुण्यानं पुन्हा तोंड उघडलं. आता तो काय सांगणार हे मास्तरांना कळत होतं, आणि त्याला सांगू दिलं तर धंदा वाचणार होता, नावही वाचणार होतं. बाकावर मुलीचे दात अजून वाजत होते. मास्तरांना स्वतःचीच इतकी चीड आली की त्यांनी मेहुण्याला दंडाला धरून मागे ओढलं.

"गप्प बस तू," ते म्हणाले, आणि आईकडे वळले. "सही माझी आहे. ओल्या हातांनी कागद खराब होतो, म्हणून रोज सकाळी घरूनच सगळ्या सह्या करून आणतो मी."