बोटीचा काठ

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून बोट आली आणि वंदनाच्या पॉलिश सेंटरच्या दारात उतरली. पुरात अडकलेली माणसं काढायची सरकारी बोट. मागचा पावसाळा सरल्यापासून तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आत गाळाच्या वाळलेल्या खपल्या, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्या, मुतारीसारखा वास, आणि कोपऱ्यात फुगून फुटलेली घूस. वंदनानं पदर नाकाला लावला.

"उद्या मोठे साहेब येऊन राह्यले," तहसील कार्यालयातले महादेवराव म्हणाले. "पावसाळ्याची तयारी दाखवाची हाय धरणावर. फोटो निंघतीन. बोटीत साहेबाले आपलं तोंड दिसलं पाहिजे, असं पॉलिश मारा."

एवढं बोलून ते बोटीतच पचकन थुंकले. मग स्वतःच हसले. "सवय झाली ना!"

शी! वर्षभर ही पिकदाणीच होती म्हणजे.

वंदनाच्या नवऱ्यानं, कुलदीपनं, फावड्यानं घूस काढली. दोघांनी मिळून बोट धुतली, घासली. मग वंदनानं मशीन हातात घेतली. एरवी ती गाड्यांना पॉलिश मारते, पण फायबर काय आणि गाडीचा पत्रा काय, हात तोच. कंपाउंड लावून पॅड फिरलं तसा पांढरट पडलेला रंग उघडू लागला. दुपारपर्यंत एक बाजू वॅक्ससकट नारिंगी लखलखीत झाली. काम चांगलं उतरलं होतं, आणि तिला त्याचं बरंही वाटत होतं.

तेवढ्यात महादेवरावांनी दुकानातला कटर उचलला आणि बोटीची दोरी कापायला घेतली. बाहेरच्या अंगानं कड्यांतून ओवलेली जाड दोरी. गाळानं काळी पडली होती, पण मजबूत होती.

"भाऊ, ते काऊन कापून राह्यले?"

"घाण दिसते ना वहिनी, फोटोत. नवी लावू मंग."

"मंग म्हणजे कधी?"

"मंजुरी आल्यावर."

वंदनानं मशीन बंद केली. "भाऊ, माही माय ह्याच दोरीले धरून वाचली. सोनाळ्याच्या पुढं, नदीच्या काठी राह्यते ते. गेल्या पुरात तिले वर ओढून घेतलं तोपर्यंत दोरीले लोंबकळून व्हती. अजून तठीच राह्यते."

"वाचली ना? मंग झालं तं!" महादेवरावांनी दोरीचं वेटोळं केलं आणि सरळ नालीत फेकलं. "आता साऱ्या बोटीले वॅक्स मारा. बाहेरून मारा, काठाले मारा, आतून बी मारा. काही सोडू नका."

"काठाले नको भाऊ. दोरी गेली. आता पाण्यातल्या माणसाले धरायले काठच राह्यला. वॅक्सवरून हात सटकते."

"असं?" त्यांना गंमत वाटली. वॅक्स झालेल्या बाजूवर त्यांनी तळवा टेकवला आणि जरा भार दिला. हात सुर्रकन खाली गेला. ते खूश झाले. "वा रे वा! माशी बसन तं घसरून पडन! असंच पाहिजे काठाले."

"अन् बुडणाऱ्याचा हात कसा थांबन?"

"वहिनी," महादेवराव समजुतीनं म्हणाले, "बुडणारा उद्या नाही येत. साहेब येते उद्या."

वंदनानं मशीन खाली ठेवली. "मी नाही मारत काठाले."

 महादेवरावांनी कुलदीपकडे पाहिलं. कुलदीप बायकोला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "कार्यालयाच्या साऱ्या गाड्या आपल्याकडं लावून देतो म्हणते ते. एका काठासाठी काऊन बिघडवून राह्यली वं?"

"माही माय हाय तठी. तुमची कोणीच नाही का ते?"

"दरवर्षी थोडीच पूर येते!"

ज्या बाईनं ह्या माणसाला जावई म्हणून पाटावर बसवलं, त्याच्या ताटात स्वतःच्या वाटणीचं तूप वाढलं, तिच्याबद्दल हे. 

कुलदीपनं मशीन उचलली. नवं पॅड लावलं. काठावर वॅक्स पसरलं आणि चालू केली. उरकून टाकावं तसंही केलं नाही त्यानं. दोरीच्या रिकाम्या कड्यांभोवतीही फिरवून घेतलं, वाकून, एक डोळा बारीक करून उजेडात पाहिलं, एक जागा मंद वाटली तिथं पुन्हा हात फिरवला. गिऱ्हाइकाच्या नव्या गाडीला लावतो तितक्या निगुतीनं लावलं. महादेवराव मागं उभे राहून मान डोलवत होते.

वंदनाला सकाळी घुशीची आली नव्हती इतकी किळस आता आली. ती मागच्या नळावर गेली. हात धुतले, पुन्हा धुतले, साबण लावून धुतले. मग ओल्याच हातानं फोन लावला.

"माय, ऐक. यंदा पाणी चढू लागलं की घराले कुलूप लाव अन् उठून वरच्या गावात जाय. सामानाले हात नको लावू. अन् बोटीची वाट पाहत तं बसूच नको."

"काऊन वं बाई?" पलीकडून आईनं घाबरून विचारलं. "मोडली काय बोट?"

"नाही माय. लय चमकून राह्यली."