खुला परवाना

खालच्या मजल्यावरच्या खासनीसबाई शिऱ्याची वाटी घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "शालनताई, काल हेरंबरावांना 'मला आता जगायचं नाही' म्हणालात ना? वाचलं हो मी. असं बोलू नये."

हेरंब मान खाली घालून बसला. पक्षाघाताने बायकोची वाचा गेली, तेव्हा त्याने तिच्या डोक्यात बोलकं यंत्र बसवून घेतलं होतं. त्यातला प्रोग्राम त्यानेच तरुणपणी लिहून जगाला फुकट दिला होता, एकाच अटीवर: त्यातून जे जे निघेल ते सगळ्यांना खुलं राहील. कंपन्यांनी काही दडवू नये म्हणून घातलेली ती अट आता शालनचा शब्द न् शब्द इंटरनेटवर मांडत होती. खाजगीत बोलायचं तर ही अट नसलेला व्यावसायिक परवाना लागे. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने तो त्याला मानाने देऊ केला होता. "माझ्याच घरात बंदिस्त परवाना? लोक काय म्हणतील!" म्हणत त्याने कागद परत पाठवले. शालनला विचारलंही नाही.

बाई गेल्या. शालनने यंत्र बंद केलं, पाटी ओढली आणि डाव्या हाताने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, "तत्त्व तुमचं, चव्हाट्यावर मी."

त्याने वाचलंय याची खात्री होताच तिने ते तळहाताने पुसून टाकलं.