पाचवं ताट

स्लोव्हाकियातल्या एका खेड्यात वर्षभर नोकरी करून मुकुल २००४ च्या नाताळात रत्नागिरीला परतला, तो तिथला रिवाज घेऊनच. नाताळच्या आदल्या रात्री जेवताना आगंतुकासाठी एक ताट जास्त मांडायचं आणि सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही. जो आधी उठेल, तो पुढच्या वर्षी पंगतीला नसतो.

धाकट्या वैदेहीला भलताच उत्साह. आई-बाबांसह चौघं बसले, पाचवं ताटही वाढून ठेवलं. बाबांच्या घशात तारलीचा काटा अडकला, तरी ते हलेनात.

"अहो, उठा, पाणी प्या!"

"तूच ऊठ. मला लेकीचं लग्न बघायचंय."

"आणि मला नको होय?"

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"आला आगंतुक!" वैदेही ओरडली. पण उठतंय कोण?

पुन्हा थाप. मग ओटीवरच्या दाराची कडी आतून निघाली.

"सुटलो! उठलं एकदाचं कुणीतरी!" वैदेहीने टाळी वाजवली.

समोर आई, बाबा, मुकुल तिघंही बसलेले होते. पाचव्या ताटात काटे नीट बाजूला काढून ठेवले होते.