काळ्या झग्याचा परवाना

"कोण गेलं?" कॅप्टन रोगाल्स्कीनं मान वर न करता विचारलं.

"मुलगा, साहेब. सेवेरीन," तेओफिला म्हणाली.

वॉर्सात त्या हिवाळ्यात बाईला काळा झगा घालायचा तर पोलिसांचा परवाना लागे. त्याआधी साऱ्या शहरानं देशाचं सुतक धरलं होतं. पोलंड नकाशावरून पुसला गेला म्हणून लग्नाच्या मुलीसुद्धा काळं घालून हिंडत. झारच्या माणसांना ते बघवेना. हुकूम निघाला, देशासाठी रडणं बंद. घरचं माणूस मेलं असेल तर पुरावा आणा आणि रीतसर रडा.

तेओफिला रंगारीण. सुतकाच्या त्या दिवसांत तिनं इतकं काळं कापड रंगवलं होतं की हात कोपरापर्यंत काळे झाले होते. हातांना अजून परवाना लागत नव्हता, एवढीच सरकारची कृपा.

आणि सेवेरीन काही मेला नव्हता. बंड मोडलं तसा तो मांडीत गोळी घेऊन घरी आला आणि आता आईच्या पोटमाळ्यावर ओठ चावत पडला होता. शिपाई वरचेवर यायचे, रंगाच्या पिंपांत संगिनी खुपसून बघायचे. पोटमाळ्याची सैल फळी त्यांना सापडली नव्हती, पण आज ना उद्या सापडली असती, आणि मग थेट फास. शेवटी शेजारच्या कोर्दुलानं सल्ला दिला होता की पोराला सरळ मारून टाक. मेलेल्याला कोण शोधत बसतं? झडत्या थांबतील, पाय बरा झाला की पोरगा सरहद्दीपार.

सल्ला सोपा होता. कॅप्टन अवघड होता. जन्म याच शहरातला, तरी कचेरीत तो रशियनच बोले आणि शेजारचा कारकून त्याचं पोलिश करून सांगे. लोक म्हणत, याला भूकसुद्धा रशियनमध्ये लागते.

"साहेब म्हणतात," कारकून म्हणाला, "हल्ली इथं येऊन आयाच इतकी पोरं मारतायत की फौजेला काम उरलं नाही. प्रेत दाखवा, परवाना न्या."

तेओफिलानं सांगितलं की प्रेत जंगलात कुठंतरी असेल, बर्फाखाली. सोबतच्या पोरांनी त्याला पडताना पाहिलं. ती पोरंही आता उरली नाहीत.

कॅप्टननं पहिल्यांदाच मान वर केली. तिच्याकडे नीट पाहिलं. मग वय विचारलं. वीस. केस? पिंगट. बांधा? सडपातळ. तो उठला, डगला चढवला आणि म्हणाला की नदीपलीकडच्या जंगलातून कालच एक प्रेत आलंय, बेवारस. चला, ओळखा.

कारकून टोपी घेऊन उठला, तर कॅप्टननं त्याला हातानंच बसवलं.

शवागारात पहारेकरी होता, त्यालाही बाहेर काढलं. चादर कॅप्टननं स्वतः बाजूला केली, अगदी हळू, झोपलेल्याला जाग येऊ नये अशा बेतानं.

सेवेरीनच्याच वयाचं पोर. पिंगट केस, छातीवर लहानसं भोक. चेहरा शांत. तेओफिलाच्या मनात आलं, कुठंतरी याची आई जिना वाजला की दाराकडे धावत असेल. आणि आपण तिचं मेलेलं मूल चोरायला आलोय. आपल्या नावानं हे पोर एकदा पुरलं गेलं की ती बिचारी जन्मभर वाटच बघेल.

मग तिला पोटमाळ्यावरचं पोर आठवलं.

"माझाच," ती म्हणाली, आणि रडायला तिला नाटक करावं लागलं नाही.

तेवढ्यात तिची नजर प्रेताच्या हातांवर गेली नि ती रडायची थांबली. पांढरेशुभ्र, मऊ हात. रंगाऱ्याच्या घरात असे हात पाळण्यातल्या बाळाचेही नसतात. कॅप्टनही त्या हातांकडेच बघत होता.

"बर्फात राहिलं की रंग उतरतो," तो रशियनमध्येच म्हणाला; झडतीला येणाऱ्या शिपायांमुळं तेवढं तिला कळे. ते हात त्यानं चादरीखाली सारले.

तिला कळेना की हा सापळा आहे की मूर्खपणा.

"गुडघ्यावर जुना व्रण आहे," तो पुढं म्हणाला. "कशाचा?"

"शिडीवरून पडला होता, साहेब. लहानपणी."

कॅप्टन खिडकीकडे वळला. काचेवर बर्फ जमलं होतं, बाहेरचं काही दिसत नव्हतं, तरी तो बघत राहिला. तेओफिला मनातल्या मनात मेरीमातेला नवस बोलत उभी राहिली. आता हा शिपायांना हाक मारणार, आता फळी निघणार.

त्यानं खिशातून कोरा परवाना नि शिक्का काढला, तिथल्याच बाकावर ठेवून सही केली, शिक्का उमटवला. सेवेरीनचं नाव शोधायच्या माणसांच्या यादीतून आजच काढतो म्हणाला. मग म्हणाला, दफन उद्या सकाळी, पाद्री येईल. तेओफिला चपापली. बंडखोरांना खड्ड्यात ढकलत, त्यांना कुठला पाद्री? पण फुकटच्या पाद्र्याशी वाद कोण घालणार? तिनं परवाना चोळीत खुपसला, हात जोडले आणि दाराकडे निघाली.

"थांबा, बाई."

ती थांबली. तो तिच्या मागोमाग दारापर्यंत आला आणि दार आतून लोटून घेतलं. मग पहिल्यांदाच पोलिशमध्ये, अगदी तिच्या गल्लीतल्या पोलिशमध्ये, खालच्या आवाजात बोलला.

"उद्या तुमच्याबरोबर आणखी एक बाई उभी राहील. निळ्या झग्यात असेल, काळ्याचा परवाना मी तिला देऊ शकत नाही. कुणी विचारलं तर तुमची बहीण म्हणून सांगा."

"कोण आहेत त्या, साहेब?"

"माझी बायको," कॅप्टन म्हणाला. "उद्या फक्त तिच्याहून मोठ्यानं रडू नका."