स्वतः जाऊन निवडलेलं

“ही काय गरज झाली?” देवराम गुरुजींनी चिठ्ठी चर्चच्या पाळकबाईंसमोर धरली. “गरज म्हणजे ब्लँकेट. गरज म्हणजे तांदूळ.”

“ज्याची गरज त्यानं सांगायची, गुरुजी. आपण नाही ठरवायची.”

चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘स्त्री, वय एकसष्ट. काहीही चालेल. नवीन असावं आणि कुणीतरी स्वतः जाऊन निवडलेलं असावं.’

नाव नव्हतं. त्यांच्या मंडळीत दर नाताळला असंच चालायचं. ज्याला जे हवं ते त्यानं पाळकबाईंना गुपचूप सांगायचं. त्या स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या लिहून पेटीत टाकायच्या, आणि ज्याच्या हाती जी येईल त्यानं ती वस्तू त्यांच्याकडे आणून द्यायची. घेणाऱ्याकडून नाताळच्या दिवशी दोन ओळींचे आभार यायचे, तेही पाळकबाईंच्याच अक्षरात. कुणी कुणाला शोधायचं नाही. यंदा गुरुजींनी पेटीत हात घालायच्या आधीच पाळकबाईंनी ही चिठ्ठी त्यांच्या हातावर ठेवली होती.

नाताळ आणि खरेदी हे शब्द एकत्र आले की गुरुजींचं पित्त खवळायचं. कॉलेज रोडच्या मॉलबाहेर नोव्हेंबरातच उभा राहणारा कापसाच्या दाढीचा सांताक्लॉज त्यांना प्रभूचा वैरी वाटे. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळला त्यांनी घरात नियम केला होता. एकमेकांना भेटी द्यायच्या नाहीत, द्यायचं ते परक्याला. छत्तीस वर्षं तो नियम टिकला होता. चारचौघांत ते अभिमानानं सांगत, आणि त्यांच्या पत्नी शकुबाई शेजारी उभ्या राहून मान डोलवत.

घरी शकुबाई एकट्याच करंज्या भरत होत्या. गुरुजींनी त्यांना चिठ्ठी वाचून दाखवली.

“विधवा असणार बिचारी,” ते म्हणाले.

“कशावरून?”

“नवरा असता तर असं मागायची वेळ आली असती का?”

शकुबाईंनी करंजीची कड दाबली. “असेल,” त्या म्हणाल्या.

गुरुजींच्या डोळ्यांपुढे चर्चमागच्या चाळीतल्या चतुराबाई आल्या. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. मुलगा पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसात, तो महिनोन्‌महिने फिरकत नाही. त्याच असणार. गुरुजींना भडभडून आलं. पेटीच्या नियमामुळे विचारायची सोय नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी ते तडक मेन रोडवरच्या साड्यांच्या दुकानात गेले.

“वहिनींसाठी का?” दुकानदारानं विचारलं.

“नाही. गरजू बाई आहे एक.”

दुकानदारानं लगेच खालच्या फळीवरचा गठ्ठा ओढला. “मग ह्या घ्या. देण्याघेण्याच्या.”

गुरुजी चिडले. “देण्याघेण्याच्या नकोत. निवडायची आहे मला.”

“बरं. बाई गोऱ्या की सावळ्या?”

गुरुजींनी जरा विचार केला. “सावळ्या. ठेंगण्या आहेत, मोठे काठ नकोत.”

आयुष्यात त्यांनी बाईमाणसासाठी काही निवडलं नव्हतं. त्यांनी साड्या उजेडात नेऊन पाहिल्या, पदर उलगडायला लावले, एकीचा रंग जाईल म्हणून ती परत केली. शेवटी बारीक जांभळ्या काठाची मोरपंखी साडी काखेत घेऊन ते बाहेर पडले तेव्हा स्वारी चक्क गुणगुणत होती.

घरी आल्या आल्या त्यांनी ती शकुबाईंपुढे उलगडली. “तू बाईमाणूस. सांग, आवडेल तिला?”

शकुबाईंनी हात पदराला पुसले आणि काठावरून बोट फिरवलं. “तुम्ही निवडली?”

“मग कोण?”

“किती वेळ लागला?”

“तासभर तरी गेला.”

“आवडेल,” शकुबाई म्हणाल्या आणि साडीची पहिल्यासारखी घडी घालू लागल्या.

सून योगिनी दारातून हे बघत होती. तिला राहवलं नाही. “बाबा, यंदा तरी आईंना काहीतरी आणा ना. पूर्वेकडच्या मागी लोकांनीसुद्धा बाळ येशूसाठी सोनं नेलंच होतं.”

“परक्याच्या घरी नेलं, सूनबाई. स्वतःच्या बायकोला नाही दिलं.”

“त्यांच्या बायकांना कुणी विचारलंय?” योगिनी म्हणाली.

“योगिनी, पुरे,” शकुबाई म्हणाल्या. “मला कशाला हवंय काही?”

योगिनी पाय आपटत आत गेली. गुरुजी जिंकले होते, पण त्यांना बरं वाटेना. दोन दिवस ते बायकोच्या नजरेला नजर देत नव्हते. दोनदा तर ते चपला घालून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. एक साडी आणायला कितीसा वेळ लागतो? पण ती आणायची म्हणजे छत्तीस वर्षं आपलं चुकलं हे कबूल करायचं. ते त्यांच्यानं होईना. त्यांनी मोरपंखी साडी पाळकबाईंकडे पोचती केली आणि दुसरी आणली नाही.

नाताळच्या सकाळी गुरुजींचं गाण्यात लक्ष नव्हतं. त्यांची नजर बायकांच्या बाकांवर मोरपंखी रंग शोधत होती. चतुराबाई आल्या होत्या, पण जुन्याच साडीत, नवं ब्लँकेट गुंडाळून. म्हणजे त्या नव्हेत. शकुबाई योगिनीशेजारी नेहमीच्या पिस्ता रंगाच्या साडीत गात होत्या. गुरुजींनी मान खाली घातली.

उपासना संपल्यावर शकुबाई स्वयंपाकासाठी पुढे निघून गेल्या. पाळकबाईंनी गुरुजींना पायऱ्यांवर गाठलं आणि घडी घातलेला कागद दिला. “तुमचे आभार आलेत. हे मी लिहिलेलं नाही हं. जिचं आहे तिनंच लिहिलंय.”

गुरुजींनी घडी उलगडली. अक्षर ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही. छत्तीस वर्षं बाजाराची यादी ह्याच अक्षरात त्यांच्या खिशात असायची.

‘साडी आवडली. मी विधवा नाही.’