न हलणारी शाळा

“टिपणीस, तुमच्या नकाशात अख्खं गाव वर उचललं गेलंय?” साहेबांनी पडद्याकडे बघत विचारलं.

उपग्रहाच्या रडारवरून जमीन किती मिलिमीटर हलली, हे आमचं ऑफिस मोजतं. शर्वाणी माझ्या मागून आली, माझ्याच हाताखाली शिकली आणि परदेशातल्या परिषदेला निघाली. म्हणून त्या गावाच्या डोंगराचा नकाशा मी घाईघाईने तिच्या आधी आणला होता.

अशा नकाशात आधी एक न हलणारी जागा धरायची असते. बाकी सगळं तिच्या तुलनेत मोजायचं. मी उतारावरची शाळा धरली होती. दगडी, भक्कम दिसली.

शर्वाणीने पडद्यावरच्या शाळेवर बोट ठेवलं. “सगळं गाव एकदम, सारखंच कसं उचललं जाईल, सर? गाव जागच्या जागी आहे. शाळा खचतेय.”

माझे कान तापले. आता ही माझी शोभा करणार, हे मी धरूनच चाललो होतो. पण ती साहेबांकडे वळली. “माझ्या नकाशात शाळा आलीच नव्हती. सरांमुळे सापडली. कलेक्टरांना फोन त्यांनाच करू द्या.”

तासाभरात शाळा रिकामी झाली. “फार मोठं काम केलंत,” फोनवर कलेक्टर म्हणत होते. काचेपलीकडे शर्वाणी निवांत चहा पीत होती.

तिची परिषद मी एक वेळ सोसली असती. पण असं सहज देऊन टाकण्याइतकं तिच्याकडे होतं, ते काही मला सोसवेना.